अमळनेर तेल-साबणावर चालायचं, ते दिवस कसे होते?

आमचे वडील जळगाव जिल्ह्यातल्या या अमळनेरात विप्रोच्या तेल-साबणाच्या कारखान्यात कामाला होते, म्हणून लिहितो. आज विप्रो म्हटलं की लोकांना बंगळुरू आणि कॉम्प्युटर आठवतात. आम्हाला आठवतो तेलाचा खमंग, किंचित जळकट वास. वडिलांच्या सदऱ्याला तो धुतल्यावरही यायचा, आणि धुणं अर्थातच कारखान्याच्याच ७८७ साबणाने!

१९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’, म्हणजे आजची विप्रो, काढली ती इथेच. भोवती भुईमूग पिकायचा. सीझनला शेंगांच्या बैलगाड्यांची रांग लागायची. आम्ही पोरं मागून हळूच जाऊन पोत्याच्या भोकात बोट घालायचो, दोन-चार शेंगा हाताला लागल्या की पळ. गाडीवानाने पाहिलं तर अस्सल अहिराणीत आईबापाचा उद्धार. घरात वनस्पती तूप कारखान्याच्याच ‘सनफ्लॉवर’ छापाचं, पण आई दुकानात मागायची ‘डालडा’च. रिकामा डबा कधी फेकला नाही. एकात तुळस, एकात तुरीची डाळ.

१९६६ साली प्रेमजी वारले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कंपनीच्या शेअर्सचं विचाराल, तर गावात ज्यांनी ते जपून ठेवले ते खरंच करोडपती झाले. आमच्या आजोबांनी बैलजोडीसाठी विकले. बैल फार देखणे होते म्हणे.

गाव जागेवरच आहे. शेंगांच्या गाड्यांची ती रांग तेवढी गेली. आता शिवारात बघावं तिकडे कापूस आणि मका.