आरव्ही घेऊन पहिल्यांदाच लांब निघताना

निवृत्तीनंतर तुम्ही दोघं आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन मुला-नातवंडांना भेटायला निघताय, हे तुमच्या पत्रात वाचून फार आनंद झाला. पण आधी घराजवळच एक-दोन रात्री मुक्काम करून बघा. पाणी, वीज, गॅस, सगळं वापरा. काय बिघडतंय ते तिथेच कळलेलं बरं.

छतावरच्या एसीसकट गाडीची उंची स्वतः मोजा आणि आकडा चालकासमोर चिकटवा. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असतानाच त्यांतली हवा तपासा. नक्षी शाबूत दिसली तरी टायर किती जुने आहेत ते बघाच; उभ्या गाडीचं रबरही तडकतं.

नवख्यांना धास्ती असते ती मैल्याच्या टाकीची. मुक्कामी नळी जोडलेली असली तरी या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी बसतो. टाकी बरीच भरली की आधी ती रिकामी करा, मग आंघोळीच्या-भांड्यांच्या सांडपाण्याची टाकी. साबणाच्या पाण्यानं नळीही धुऊन निघते. हातमोजे हवेतच.

मुलांच्या दारात गाडी लावायची तर उतार, लोंबत्या तारा आणि तिथले पार्किंगचे नियम आधी विचारून घ्या. घरातल्या साध्या एक्स्टेंशनवर एसी चालवू नका, वायर तापते. झोपायला मात्र आपल्याच गाडीत जा. त्यांनाही मोकळं वाटतं, तुम्हालाही.

आणि वहिनींनीही गाडी चालवायला शिकावं, अगदी रिव्हर्ससकट. एकाची तब्येत बिघडली तर दुसऱ्याला गाडी नेता आलीच पाहिजे.