भुसा कुठल्या झाडाचा ते नंतर. आधी कुठल्या पात्याचा?

प्र. सॉ मिल आणि सुतार, दोघांकडून सागाच्याच भुशाची सारखी पोती आणली. एक उचलताना कंबर धरली, दुसरं एका हाताने उचललं. फसवणूक तर नाही? (फोंडा)

नाही हो. मिलमधला पट्टी करवतीचा भुसा रव्यासारखा असतो, कण कणाला चिकटून बसतो. सुताराने दिलीत ती रंध्याची सालपटं. ती वळलेली, पोटात हवा. शिवाय मिलमध्ये बहुधा ओला ओंडका चिरतात, सुतार सुकी फळी रंधतो. म्हणजे पोत्यावर भाव ठरवलात तर हवेचे पैसे, वजनावर ठरवलात तर पाण्याचे! मूठभर दाबून पाहा. गोळा झाला तर ओला. सुका असेल तर वजनावरच घ्यावा.

प्र. आजीच्या भुशाच्या शेगडीत मधोमध बाटली उभी ठेवून भोवती नवा भुसा भरला. हवेच्या भोकासाठी ती बाटली काढली की भोक ढासळतं. (डिचोली)

भुसा आडव्या कापाचा असणार. धागे आडवे तोडले की आखूड, सुटे दाणे पडतात. ते एकमेकांत अडकत नाहीत, घसरतात. धाग्याच्या दिशेने फळी चिरताना करवतीचा दात लाकूड खरवडत जातो, त्यामुळे लांबट तंतू निघतात. ते एकमेकांत गुंततात आणि भिंत उभी राहते. तेव्हा फळ्या चिरणाऱ्याकडचा सुका भुसा मागा. थोडा थोडा घालून प्रत्येक थर दांड्याने ठोका आणि बाटली फिरवत काढा. सालपटं नकोत, भडकतात आणि विझतात. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा मात्र चुलीत कधीच घालू नका, त्यात रासायनिक गोंद असतो.

प्र. कुळागरातलं (सुपारीच्या बागेतलं) पडलेलं फणसाचं झाड चेनसॉने कापलं. तो भुसा धिंगरी अळंबीसाठी चालेल? (सत्तरी)

जाडसर असल्यामुळे हवा खेळते, तेवढं चांगलं. पण चेनसॉची साखळी चालताना तिच्यावर सतत तेल पडत असतं आणि ते बरंचसं भुशात उतरतं. खाण्याच्या अळंबीसाठी मी तो वापरणार नाही. भाताचा पेंढा घ्या. मिलचा भुसा घालायचाच तर थोडा. निव्वळ बारीक भुसा भिजला की घट्ट बसतो, आत हवा जात नाही. फणसाचा तो भुसा पायवाटेवर पसरा. झाडांच्या बुंध्याशी मातीत मिसळू नका, कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो.

प्र. साग चिरताना हल्ली भुसा काळपट आणि पिठासारखा पडतो, खोकला येतो. (पेडणे)

पातं बोथट झालंय. सागात सिलिका असते, ती धार खाते. बोथट दात कापत नाही, घासतो. लाकूड करपतं आणि धूळ बारीक होते. धार लावून घ्या. सँडिंगची धूळ याहूनही वाईट. लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकलंय. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन ९५ मास्क लावा. झाडूने लोटू नका, धूळ पुन्हा उडते.

प्र. कोंबड्यांखाली कुठला? (सांगे)

रंध्याचा. कोरडा, बुरशी नसलेला.