घरचे आणि मित्र मिळून पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे, पण प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. एकत्र धावता येईल का?

आपण लिहिले आहे की आपण, आपली पत्नी, धाकटा भाऊ आणि त्याचे पोलीस भरतीची तयारी करणारे दोन मित्र अशा पाच जणांना जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन सोबत धावायची आहे. मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि आमच्याकडेही घरचे व मित्र मिळूनच धावतात. एकत्र धावता येते. मात्र कोण कोणासोबत आणि कुठपर्यंत धावणार, हे घरून निघण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

अंतर 42.195 किलोमीटर आहे. ते पाच तासांत पूर्ण करणाऱ्याला एका किलोमीटरला सुमारे सात मिनिटे लागतात, तर सहा तास घेणाऱ्याला साडेआठ. हा फरक दिसायला किरकोळ असला तरी दहा किलोमीटरमध्येच तो चौदा मिनिटांचा होतो. म्हणून मला दोनच मार्ग योग्य वाटतात: एक तर सर्वांनी पहिल्या किलोमीटरपासून सर्वांत सावकाश धावणाऱ्याच्या वेगाने जावे आणि वेळेची हाव सोडावी, नाहीतर सुरुवातीलाच दोन-तीन गट करावेत. ‘निघू तर सोबत, पुढचे पुढे पाहू’ हा तिसरा मार्ग सर्वांत वाईट, कारण त्यात मागचा माणूस इतरांचा खोळंबा होऊ नये म्हणून न झेपणाऱ्या वेगाने पळतो, स्नायूंमधील साठवलेली साखर लवकर संपवून बसतो आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास त्याचे पाय उचलेनासे होतात. तोवर पुढचे दिसेनासे झालेले असतात.

भरतीच्या मुलांबद्दल वेगळे सांगावे लागेल. आपल्या भागात पहाटे रस्त्यावर कोणी धावताना दिसला की लोक ‘भरती आहे का?’ असेच विचारतात, इतकी ही मुले गावोगावी आहेत. पण त्यांचा सराव 1600 मीटरचा असतो आणि मॅरेथॉन त्याच्या सव्वीस पटींहून अधिक आहे. ताकद त्यांच्यात भरपूर असते, सावकाश धावण्याची सवय मात्र नसते. लांब पल्ल्याच्या सरावात त्यांना गप्पा मारत धावायला लावा. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागली, तर वेग जास्त आहे असे समजावे.

सरावासाठी आमच्याकडे एक युक्ती चालते. कालव्याच्या रस्त्याने सर्वांनी एकाच वेळी निघायचे, ठरलेला दीड तास संपला की जो जिथे असेल तिथूनच वळायचे. पुढे गेलेले परतीला मागच्यांना गाठू लागतात आणि सगळे साधारण एकाच वेळी घरी पोहोचतात. कोणी कोणासाठी थांबत नाही आणि कोणी एकटे पडत नाही. पहाटे अंधारात बाईमाणसाने एकटीने धावणे गावात सोपे नसते, त्यामुळे मागे कोणीतरी आपलेच येत आहे याचा मोठा आधार असतो. आमचे भाटवे, म्हणजे मेहुणे, धावत नाहीत, परंतु मोटारसायकलला पाण्याची कॅन, मीठ-साखरेचे पाणी आणि सोललेली संत्री बांधून ते रस्त्यावर फिरत राहतात, आणि माझ्या मते आमच्या गटातील सर्वांत उपयोगी माणूस तेच आहेत. नुसते साधे पाणी गरजेपेक्षा जास्त पिऊ नये. रक्तातील सोडियम कमी होऊन चक्कर, उलटी आणि त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. कापूस वेचणीच्या दिवसांत लांबची धाव आठवड्यातून एकदाच ठेवा, कारण दिवसभर वावरात वाकून आलेल्या पाठीला विश्रांतीही हवी असते.

मुंबईच्या दमट हवेचा विचार मात्र आताच करा. आपली जानेवारीची पहाट कोरडी आणि गार असते. तिथे त्याच वेगाने घाम कितीतरी अधिक जातो, म्हणून गावातील वेळेवरून अंदाज बांधू नये. पूर्ण मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी आधीच्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्र मागतात, तेव्हा पाचही जणांनी अगोदर एखादी अर्धमॅरेथॉन पूर्ण करावी. धावताना छातीवर लावायचा क्रमांक आदल्या दिवसांतच घ्यावा लागत असल्याने बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने जाणार असाल, तर शुक्रवारी सकाळी मुंबईत उतरता येईल अशा बेताने निघा.

पत्नीसोबत कोण धावणार, हे पुरुषांनी आपसांत ठरवू नये. माझ्या वहिनींनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते की शेजारी कोणी घड्याळ पाहत धावले की त्यांचे मन धावण्यात लागत नाही. त्या एकट्याच धावतात आणि शेवटी आम्हाला भेटतात. पाचही जणांची अर्धमॅरेथॉनची वेळ कळवल्यास गट कसे करावेत, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.