१५०० चौरस फुटांच्या अ‍ॅटिकला किती व्हेंट्स लागतात?

तुम्ही लिहिलंय की घर न्यू जर्सीतलं, जुनं आहे, अ‍ॅटिक (छताखालची पोकळी) १५०० चौरस फूट, आढ्यावर ४० फूट रिज व्हेंट (हवा बाहेर सोडणारी लांब फट) आहे, तरी वरच्या खोल्या तापतात आणि रूफर (छपराचं काम करणारा) विजेचा पंखा बसवा म्हणतोय. पंख्याकडे नंतर येतो, आधी हिशेब.

इथला बांधकामाचा कोड अ‍ॅटिकच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी मोकळी जागा हवेसाठी मागतो. त्यातली ४० ते ५० टक्के वर, आढ्यापासून तीन फुटांच्या आत, आणि बाकीची खाली वळचणीला असेल तर १/३०० वर भागतं. (मिनेसोटासारख्या कडक थंडीत बाष्प अडवणाऱ्या थराचीही अट आहे, तुम्हाला ती लागू नाही.) १५०० भागिले ३०० म्हणजे ५ चौरस फूट. व्हेंट्सची मापं चौरस इंचांत मिळतात, म्हणून गुणिले १४४, झाले ७२०. निम्मे वर, निम्मे खाली.

गोम पुढे आहे. भोकाचं माप धरायचं नाही, ‘नेट फ्री एरिया’ धरायचा, कारण जाळी आणि पट्ट्या बरीच जागा खातात. ८ बाय १६ इंची सॉफिट व्हेंट (वळचणीच्या खालच्या बाजूचा) दिसायला १२८ चौरस इंच, पण खरी मोकळी जागा त्याच्या निम्म्याच्या आसपास. ५६ धरली तर ३६० साठी सात लागतील. रिज व्हेंटचे बहुधा फुटाला १८ चौरस इंच मिळतात, म्हणजे तुमच्याकडे वरच ७२० आहेत. वरून जेवढी हवा बाहेर जायची, तेवढी तरी खालून आत यायला हवी, म्हणून सातवर न थांबता तेरा धरा. खालून हवा मिळाली नाही तर ती घरातून ओढली जाते.

आता भर दुपारी अ‍ॅटिकमध्ये चढा, दिवा बंद करा आणि वळचणीकडे बघा. उजेडाच्या फटी दिसल्या पाहिजेत. काळोख असेल तर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) पार कोपऱ्यापर्यंत कोंबलेलं असणार. ते मागे सारून बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळ) बसवा, छताच्या प्लायवुडखाली किमान एक इंच वाट हवी. जुन्या घरांत आणखी एक चावटपणा सापडतो: बाहेरून भोकांचं छान व्हिनाइल सॉफिट आणि त्यामागे जुनी लाकडी फळी जशीच्या तशी, एकही भोक न पाडलेली! एक पट्टी काढून बघाच.

पंखा मी तरी बसवणार नाही. खालची वाट बंद असताना तो छतातल्या दिव्यांच्या आणि अ‍ॅटिकच्या झाकणाच्या फटींतून तुमच्या एसीची थंड हवा ओढतो, शिवाय रिज व्हेंटमधूनही उलटी हवा आत घेतो.

तसंही १/३०० हा आकडा १९४२ च्या सरकारी गृहबांधणी नियमांतला, तोही मुख्यतः हिवाळ्यातल्या दमटपणासाठी. उकाड्यावर खरा इलाज म्हणजे आधी त्या फटी बुजवणं आणि मग फूटभर जाड इन्सुलेशन. वर गेलातच आहात तर बाथरूमच्या पंख्याचा पाइप छताबाहेर जातो का तेही बघा. तो अ‍ॅटिकमध्येच सोडलेला असेल तर जानेवारीत खिळ्यांच्या टोकांवर बर्फ धरतो, ऊन पडलं की टपटप गळतो, आणि लोक छप्पर गळतंय म्हणून रूफरला बोलावतात.