माकड आणि मॅकॅक: एकच शब्द की नुसता योगायोग?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीतला ‘मॅकॅक’ (माकडांच्या एका गटाचं नाव) आपल्या ‘माकड’वरूनच गेला का? आणि मॅकॅकला मराठीत माकड म्हणावं की वानर?

पहिल्याचं उत्तर: नाही. माकड आलं संस्कृत ‘मर्कट’वरून. मर्कटचं प्राकृतात मक्कड झालं. मग जोडाक्षर सुटलं, त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला आणि माकड झालं. सर्प–सप्प–साप, कर्म–कम्म–काम याच चाकोरीतले. ‘ट’चा ‘ड’ होणंही नेहमीचं. वटाचा वड झाला तसा. मर्कट थेट वाजसनेयी संहितेत, म्हणजे शुक्ल यजुर्वेदात सापडतो. संस्कृतात त्याचा दुसरा अर्थ कोळी असाही आहे. नागपूरकडे हिंदीच्या शेजारानं कानावर पडणारी ‘मकडी’ तिथलीच.

मॅकॅकची वाट अगदी वेगळी. पोर्तुगीज 1483च्या सुमारास काँगो नदीच्या मुखाशी पोचले. तिकडच्या बांटू भाषांत माकडाला ‘काकु’ अशा रूपाचा शब्द, आणि ‘मा’ हा अनेकवचनाचा उपसर्ग. म्हणजे ‘मकाकु’ म्हणजे माकडं. पोर्तुगीजांनी ते अनेकवचन एकवचन समजून ‘मकाको’ केलं, फ्रेंचांनी त्याचं ‘मकाक’ केलं, आणि 1799मध्ये लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं ‘मकाका’ हे प्रजातीचं (इंग्रजीत जीनस) शास्त्रीय नाव ठेवलं. गंमत अशी की या प्रजातीतलं एकही माकड काँगोच्या जंगलात नाही. बार्बरी माकड तेवढं मोरोक्को-अल्जीरियात आणि जिब्राल्टरवर आहे, बाकी सगळी आशियातली. नाव आफ्रिकेचं, जनावर आपलं!

तेव्हा म-क-क आणि म-क-ड यांचं साम्य योगायोगाचं. नुसत्या आवाजावरून नातं जोडायचं नसतं. शब्द कोणत्या वाटेनं आला ती मधली रूपं दाखवता आली पाहिजेत. माकडची दाखवता येतात, आणि त्यांत काँगो कुठंच येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा. मॅकॅक म्हणजे माकडच, वानर नव्हे. विदर्भात खेड्यातला माणूस हा फरक बरोबर करतो: लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर किंवा वांदर, म्हणजे लंगूर. शहरी लेखनातच दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी पडतात. ‘माकड म्हणतं माझीच लाल’ ही म्हणही लाल ढुंगणाच्या माकडाशिवाय होऊच शकत नाही. वानराला ती लागू पडत नाही.

ओळखायला तोंडापेक्षा गाल बघा. माकडाच्या गालात पिशव्या असतात. शेतात घुसलं की हरभरा, शेंगा भराभर कोंबून झाडावर जाऊन निवांत खातं. वानराला त्या पिशव्या नसतात. त्याचं पोट पानं पचवायला कप्प्याकप्प्यांचं असतं, म्हणून कोवळा पाला, फुलं, कळ्या यांवर त्याचा जोर. नुकसान कळवताना ‘माकडांनी पीक खाल्लं’ एवढ्यावर न थांबता लाल तोंडाचं की काळ्या, हे लिहावं, कारण ही दोन वेगळी जनावरं आहेत.

मॅकॅकमध्येही पुढं भेद आहे. आपल्याकडचं लाल तोंडाचं ते ऱ्हीसस. त्याची शेपटी धडाच्या साधारण निम्मी. दक्षिणेकडे डोक्यावर केसांचा भोवरा असलेलं टोपी माकड, त्याची शेपटी बरीच लांब. ढोबळमानानं तापी आणि गोदावरी ही दोघांमधली सीमा. दोघंही माकडच.

लिहिताना प्रजातीसाठी ‘माकड’ पुरेसा आहे. मॅकॅक हा उच्चार मराठीत मुद्दाम आणायची गरज मला दिसत नाही. शास्त्रीय मजकुरात नेमकेपणा हवाच असेल तर ‘मकाका प्रजातीतील माकड’ लिहावं. फक्त ‘मर्कट’ तिथं नको. तो मर्कटलीलांपुरताच शोभतो.