मैदानाबाहेरचे प्रश्न : हॉकी थांबली, आता लॅक्रोस शिकवू का?

ताई, मी 33 वर्षांचा. शाळेपासून हॉकी खेळलो, चर्चगेटच्या ग्राउंडवर मिडफिल्डला बऱ्याच मॅचेस काढल्या. गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि गेल्या वर्षी थांबलो. एका कुरिअर ऑफिसात नोकरी आहे. आता जवळच्या एका शाळेने विचारलंय, संध्याकाळी मुलामुलींना लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) शिकवाल का? खेळ ऑलिम्पिकमध्ये येतोय म्हणून पालक मागे लागलेत. लॅक्रोसचा मोठा खेळाडू गॅरी गेट, त्याचे व्हिडिओ पाहून मी वेडा झालोय. तोही खेळाडू होता, मग कोच झाला. पण मी हा खेळ कधीच खेळलेलो नाही. जमेल? नोकरी सोडू का?
— एक वाचक, विक्रोळी

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल लॅक्रोस लीगच्या बहुतेक मॅचेस शनिवार-रविवारच्या आसपास असतात आणि सोमवारी त्यातले कितीतरी खेळाडू कामावर हजर होतात. कोणी शाळेत शिकवतो, कोणी अग्निशमन दलात आहे. ‘प्रोफेशनल’ म्हटलं की आपल्याला वाटतं, घरी पैशांचा पाऊस. मी स्वतः हॉकी खेळायचे, खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागले. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी पार्सल ऑफिस. त्या पार्सलांनीच घर चालवलं, गोलांनी नाही.

आता गेट. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ 1988 चा असणार. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाकडून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध खेळताना तो गोलच्या मागून पळत आला, हवेत उडाला आणि क्रॉसबारवरून, म्हणजे गोलच्या वरच्या दांडीवरून, बॉल आत घातला. एकदा नाही, दोनदा. लोक अजून त्या उडीबद्दल बोलतात. मला त्याची पुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. स्वतः लीगमध्ये गोलांचा रतीब घालत असताना तो मेरीलँड विद्यापीठात मुलींच्या टीमचा असिस्टंट झाला. हेड कोच होत्या सिंडी टिमचल. त्या टीमने 1995 ते 2001 अशी सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. आणि मुलींचं लॅक्रोस म्हणजे निराळाच खेळ! अंगावर धडक द्यायची नाही, स्टिकच्या जाळीला पुरुषांसारखा खोल झोळ नाही, त्यामुळे पळताना बॉल आत टिकवणंच कठीण. म्हणजे जगातला एवढा मोठा खेळाडू, स्वतः न खेळलेला खेळ शिकायला एका बाईंच्या हाताखाली वर्षानुवर्षं उभा राहिला. तुमची अडचण त्याचीही होती.

पुढे 2005 ला लीगमधल्या कोलोराडो मॅमथ या टीमकडून खेळणं थांबवलं, तिथेच कोच झाला आणि 2006 ला टीमला विजेतेपद मिळवून दिलं. मग सिराक्यूजच्या मुलींचा हेड कोच. तिथे 2012, 2014 आणि 2021 ला फायनल गाठली, तिन्ही हरला. मधे चाळिशी उलटल्यावर लीगमधल्याच रोचेस्टरच्या टीमकडून पुन्हा खेळायलाही उतरला, याचं मला भारी हसू येतं. हात शिवशिवतात हो! 2021 पासून तो सिराक्यूजच्या मुलांच्या टीमकडे आहे.

माझी गंमत ऐका. खेळणं सोडलं आणि दुसऱ्याच महिन्यात एका शाळेच्या मुली हातात आल्या. मी फुलबॅक, माझं टॅकल बरं म्हणायचे लोक. वर्षभर मी काय केलं? ‘असं नाही, असं!’ म्हणत मुलीच्या हातातली स्टिक घ्यायची आणि स्वतः करून दाखवायचं. आठवीतली एक मुलगी एक दिवस म्हणाली, “टीचर, तुम्ही करता तेव्हा काही दिसतच नाही.” मला राग आला. रात्री घरी लाटणं हातात घेऊन तेच टॅकल इतकं सावकाश केलं की नवरा दारात उभा राहून बघत होता. तेव्हा कळलं, मी स्टिक आधी घालतच नाही, आधी डावा पाय सरकतो. वीस वर्षं तो पाय सरकत होता आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी फक्त पाय शिकवला. स्टिका कुंपणाला टेकवून ठेवल्या होत्या.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, तुम्हाला लॅक्रोसमधलं काहीच आपोआप येत नाही. जे शिकाल ते शब्दांसकट शिकाल. स्टिक हातात मिळाली की शाळेच्या भिंतीवर रोज बॉल मारा, झेला. तिकडचे खेळाडूही भिंतीवरच वाढतात. (आपल्याकडे तळमजल्यावरच्या काकू खिडकी उघडतील, त्याची तयारी ठेवा.) उजव्या हाताने शंभर, डाव्याने शंभर. हॉकीत सगळ्यांची स्टिक एकाच बाजूची, डावखुऱ्यालाही उजव्यासारखंच खेळावं लागतं. इथे दोन्ही हात लागतात. तुमच्या वर्गातली डावखुरी पोरं यात तुमच्या पुढे जातील, जाऊ द्या.

दुसरं म्हणजे गोलची मागची बाजू. आपल्याला बॅकलाइन म्हणजे खेळ संपला. लॅक्रोसमध्ये गोलच्या मागे मैदान असतं आणि अर्धी कारस्थानं तिथूनच शिजतात. तुमचे डोळे तिकडे वळायला वेळ लागेल. शिकवायचं मात्र ऑलिम्पिकमधलं सिक्सेस: सहा-सहा खेळाडू, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, 30 सेकंदांत शॉट घ्यायचा. मैदान 70 बाय 36 मीटर, हॉकीपेक्षा बरंच लहान, मुंबईच्या शाळेला परवडणारं. आणि हा खेळ 2028 च्या लॉस एंजेलिसला घ्यायचं ठरलं ते आपल्याच बीकेसीत, ऑक्टोबर 2023 मध्ये. पालकांना सांगा, खूश होतील.

आणि शाळेला कळवा की पहिले सहा महिने तुम्ही ‘कोच’ नाही. हा खेळ खेळलेलं कोणी सापडलं तर आठवड्यातून एकदा त्याला बोलवा आणि मुलांसमोर त्याचे असिस्टंट व्हा. प्रॅक्टिसचे प्लॅस्टिकचे कोन मांडा, बॉल गोळा करा, ऐका.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची. लॅक्रोसचा बॉल दगडासारखा आहे म्हणतात. पाठवू का?
— एक आई, चेंबूर

दगड नाही, भरीव रबर आहे, पण लागतो. वजन साधारण 145 ग्रॅम, क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा थोडंच कमी. सुरुवातीला मऊ बॉल वापरतात का, मुलींना डोळ्यांवर गॉगल देतात का आणि गोलकीपरला हेल्मेट, छातीचं पॅड आहे का, हे स्वतः ग्राउंडवर जाऊन बघा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे हो म्हणतात. टेनिस बॉलने सुरुवात करत असतील तर जाळीतून तो सारखा उसळून बाहेर पडेल आणि लेक चिडून घरी येईल. तरी पाठवा.