व्हिडिओ पाठवला, तरी वर्गात परत तेच शिकवता?

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की ऑनलाइन आणि वर्गातलं शिकवणं एकत्र जमवताना काय अडचणी येतात ते कळवा, तर भरपूर पत्रं आली, नाशिक शहरातली आली तशी तालुक्यांमधूनही आली. निम्म्यात एकच मागणी, "मॅडम चांगल्या ॲप्सची यादी द्या ना". ती काही मी देणार नाहीये, आधीच सांगते, कारण यादी तुमच्याकडे आहेच, प्रत्येक ट्रेनिंगला एक पीडीएफ मिळते आणि ती फोनमध्येच पडून राहते. पाच प्रश्न निवडलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण बहुतेकांचं दुखणं तेच आहे म्हणून लांबलंय.

"आमची जिल्हा परिषदेची शाळा, दिंडोरी तालुका. आठवीचा पट ३१. मी दर रविवारी विज्ञानाचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकते, ब्लू टिक दिसतात पण सोमवारी विचारलं तर पाच-सहा जणच बघून आलेले असतात. मग परत सगळं शिकवावं लागतं. दुप्पट काम होतंय. बंद करू का?"

मॅडम, बंद नका करू, पण तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य परत वाचा, "मग परत सगळं शिकवावं लागतं". पोरांना हे दुसऱ्याच आठवड्यात कळलेलं असतं की सोमवारी बाई सगळं सांगणारच आहेत, मग रविवारी कोण बघेल, मी पण नसता बघितला. आणि जी पाच-सहा बघून येतात त्यांना तुम्ही तेच परत ऐकवता, म्हणजे प्रामाणिकपणाची शिक्षाच की हो.

आता ब्लू टिकचं. ती टिक बाबांची असते. फोन बाबांच्या खिशात, बाबा द्राक्षाच्या बागेत, घरी येणार सातला, मग जेवण, मग फोन चार्जिंगला. वर्गात एकदा नुसते हात वर करायला सांगा, फोन घरी किती वाजता असतो, आणि किती जणांना तो हातात मिळतो. मी हे केलं होतं तेव्हा माझा रविवार सकाळचा हट्ट पहिल्या दिवशीच सुटला, शुक्रवारी संध्याकाळी पाठवायला लागले.

लांबी किती आहे तुमच्या व्हिडिओची? लिहिलं नाहीत म्हणून विचारते. लॉकडाऊनमध्ये मी पहिला व्हिडिओ केला तो २४ मिनिटांचा, किचनच्या ओट्यावर पोह्याच्या डब्याला फोन टेकवून, आणि बरोबर मधोमध खालून भंगारवाला ओरडत गेला. शाळा उघडल्यावर पोरांना त्या धड्यातलं काय आठवत होतं तर तो "भंगाऽऽर". पुढे २०१४ सालचा एक अभ्यास वाचनात आला, फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, एडएक्स या ऑनलाइन कोर्सवाल्यांच्या व्हिडिओंची जवळपास ६९ लाख पाहणी-सत्रं त्यांनी तपासली, तर निम्मी माणसं तरी सहा मिनिटांच्या पुढे टिकतच नाहीत, व्हिडिओ केवढाही असो. तेही स्वतःहून नाव घातलेली मोठी माणसं, आपली तर तेरा वर्षांची पोरं. म्हणून एक कल्पना, एक व्हिडिओ, पाच मिनिटं. एडिटिंग वगैरे नको, वहीवर पेनाने काढत काढत बोला, त्याच अभ्यासात असंही दिसलं की नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत-काढत बोललेलं लोक जास्त वेळ बघतात.

ऐकायचं घरी आणि सराव वर्गात, ज्याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात ते जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या दोन केमिस्ट्रीच्या शिक्षकांमुळे गाजलं, अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये, २००७ च्या सुमारास. त्यांची सुरुवात अगदी साधी होती, पोरांचे तास बुडायचे, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग करून ठेवायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की ऐकायचं काम घरी होतंय तर तासाला पोरांना अडतं तिथे बसता येईल. म्हणजे खरी करामत व्हिडिओत नाहीये, मोकळ्या झालेल्या तासात आहे, आणि आपण नेमका तो तासच परत भरून टाकतो.

मी काय करायचे ते सांगते. आठवीचा धाराविद्युतचा धडा. घरी पाच मिनिटांचा व्हिडिओ, परिपथ म्हणजे काय (वीज सेलमधून निघून परत सेलपर्यंत येते ती वाट), बस. वर्गात आल्या आल्या अर्ध्या कागदावर चिठ्ठी, व्हिडिओतली एक गोष्ट आणि एक शंका, दोन ओळी, नाव घालून. ज्यांची चिठ्ठी कोरी ते मागच्या कोपऱ्यात माझ्या जुन्या फोनवर आधी बघणार, रागवायचं नाही, फक्त तोवर बाकीच्यांचा खेळ सुरू झालेला असतो आणि तो सुटतो याचंच वाईट वाटतं पोरांना. खेळ म्हणजे दोन सेल, टॉर्चचे बल्ब, वायर, चिकटपट्टी. एकसर जोडणी (एकामागे एक) केली की बल्ब मंद का होतात, समांतर (प्रत्येकाला वेगळी वाट) केली की का होत नाहीत. हे सगळं फेट नावाच्या साइटवरही करता येतं, कोलोरॅडो विद्यापीठाची आहे, नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेली, फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, मराठीत आहेत. त्यात पोरं हमखास सेलची दोन टोकं सरळ वायरने जोडतात आणि स्क्रीनवर सेलमधून ज्वाळा निघतात, वर्गभर आरडाओरडा. खऱ्या सेलला ते करू द्यायचं नसतं, ते स्क्रीनवर करा. पण स्क्रीनवर वायर कधी सैल होत नाही, बल्बच्या बुडाला गंज नसतो. खऱ्या टेबलावर दहा मिनिटं बल्ब लागत नाही, मग एक जण वायरचं टोक दातांनी सोलतो (ओरडायचं तेव्हा) आणि लागतो एकदम. ते शोधणं वर्गातच होतं. दोन्ही करा, पण कुठलं कशासाठी ते आधी ठरवा.

पहिले दोन-तीन सोमवार वाईट जातील. कोपऱ्यात २० जण बसतील. तरीही फळ्यावर परत शिकवायला जाऊ नका, तिथेच सगळं फिसकटतं.

"सुरगाणा तालुक्यात आहे. रेंज टेकडीवर गेल्यावर येते. आम्हाला हे ब्लेंडेड वगैरे लागू होतं का, की आम्ही सोडून द्यायचं?"

सर, सोडायचं कशाला. ब्लेंडेड म्हणजे घरचं शिकणं आणि समोर बसून शिकणं मिसळायचं, एवढंच. नाशिककरांना तर हे ३५ वर्षांहून जास्त माहितीये. आपलं मुक्त विद्यापीठ, यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं, १९८९ साली सुरू झालं, तेव्हा इंटरनेट कुठे होतं. ज्ञानगंगा घरोघरी हे ब्रीद, आणि पद्धत काय तर घरी स्वयं-अध्ययनाचं पुस्तक, ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन संमंत्रकासमोर, म्हणजे तिथल्या मार्गदर्शक शिक्षकासमोर, बसायचं. हेच ते ब्लेंडेड. एखादं जुनं पुस्तक मिळालं तर चाळून बघा, थोडं वाचलं की मध्येच प्रश्न, त्याचं उत्तर पुढे वेगळं दिलेलं, म्हणजे शिक्षक समोर नसताना पुस्तकच शिक्षकासारखं थांबून विचारतं. त्या धर्तीवर चार पानी पुस्तिका हाताने लिहून झेरॉक्स काढता येते. तुमच्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे खाली उतरतात आणि पोरं सोबत जातात, त्यांच्या पिशवीत ही पुस्तिका जाऊ शकते, ॲप नाही जाऊ शकत. आठवड्याला एक फोन, साधा फोन, पाच मिनिटं, पान तीनवरचा प्रश्न काय आला रे.

शाळेत वापरायचं ते तालुक्याला किंवा नाशिकला आलात की उतरवून न्या. दीक्षा ॲपमध्ये (सरकारी आहे, २०१७ पासून आहे, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात) व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतात, मग नेट लागत नाही. फेटची सिम्युलेशन्स लॅपटॉपवर एकेका फाइलमध्ये उतरतात, ब्राउझरमध्ये उघडतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतातच. आणि शाळेत एखादा तंत्राची आवड असलेला सर असेल तर कोलिब्री नावाचं सॉफ्टवेअर बघायला सांगा, एका छोट्या कॉम्प्युटरवर सगळं साहित्य भरून ठेवायचं आणि शाळेपुरतं वायफाय द्यायचं, बाहेरचं इंटरनेट शून्य. वीज मात्र लागते, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

"रात्री साडेदहाला ग्रुपवर होमवर्क येतो, 'उद्या आणावे'. आम्ही आईवडील दोघंही सातपूरला शिफ्टमध्ये. हेच का ऑनलाइन शिक्षण?"

नाही हो. ह्याला फक्त उशिरा आठवलेला होमवर्क म्हणतात. पालक सभेत चारचौघांनी मिळून एवढंच मागा, संध्याकाळी सहानंतर आलेला निरोप दुसऱ्या दिवसासाठी धरायचा नाही. शिक्षकांनाही ते हवंच असतं, त्यांनाही वरून साडेनऊला मेसेज आलेला असतो.

"कॉलेजरोडवरच्या एका कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे सांगितलंय की ४० टक्के अभ्यासक्रम ऑनलाइन करा. म्हणजे ४० टक्के लेक्चर झूमवर घेऊ का?"

सर, हा ४० चा आकडा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ब्लेंडेड लर्निंगच्या टिपणातला आहे, मे २०२१ मधलं. त्यात ४० टक्क्यांपर्यंत असं आहे, तो 'पर्यंत' आपल्याकडे येता येता गळतो. ती मर्यादा आहे, टार्गेट नाही. आणि तेच लेक्चर झूमवर घेतलं तर ना वर्गातली नजरानजर ना घरचा निवांतपणा, दोन्हीकडून गेलं, कॅमेरा बंद करून पोरं मिसळ खात असतात.

लाइव्ह न घेता आधी करून ठेवता येईल असं काढा. स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल बघा, २०१७ पासून आहे, प्रत्येक कोर्सला चार भाग असतात, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा. आपण सगळे पहिल्याच भागावर थांबतो आणि बाकी तीन विसरतो, तुम्ही तिसऱ्यापासून सुरू करा. तासाच्या आदल्या रात्रीपर्यंत पाच प्रश्नांचा गुगल फॉर्म, सकाळी चहा पिता पिता निकाल बघा, ज्या प्रश्नावर निम्मा वर्ग आपटलाय तोच त्या दिवशीचा तास. बाकीचं जमलंय तर ते शिकवू नका ना.

अजून एक, कोणी तुम्हाला सांगितलं की ब्लेंडेड पद्धत सिद्धच झालीये तर थोडं थांबा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, नुसत्या वर्गापेक्षा मिश्र पद्धतीत शिकणारे थोडे पुढे दिसले, पण त्यांनीच लिहून ठेवलंय की मिश्र गटांना बहुतेक वेळा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं. म्हणजे फायदा ऑनलाइनचा की जादा वेळेचा हे सांगता येत नाही. मीटिंगमध्ये हे बोलून बघा, शांतता पसरते.

"एकाही मुलाकडे फोन नाही, माझ्याकडे एक आहे. वर्गात क्विझ घ्यायचीये, काय वापरू? (सिन्नर)"

प्लिकर्स नावाचं ॲप. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, वर काळ्या चौकोनांची नक्षी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर ती बाजू वर धरायची. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर नावासकट येतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी म्हणून शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही, लाजरी पोरं पण उत्तर देतात कारण हात वर करायचा नसतो. नेट फक्त तुमच्या फोनला हवं. कार्डं साध्या कागदावर छापून लग्नपत्रिकांच्या मागे चिकटवा, घरात असतातच. हौसेने चकचकीत लॅमिनेशन करू नका, मी केलं होतं ३१ कार्डांचं, खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला काही दिसेना आणि अर्धा तास सगळी पोरं कार्ड वाकडं करून उभी.